दादाच्या हाताची फिल्म

धाकटीला घरात सगळे धाकटीच म्हणत. कानांजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते, चष्म्याच्या दुकानात नव्यानं लागलेल्या मुली तिला मॅडम म्हणायच्या, पण दादा-वहिनीच्या तोंडी जे नाव बसलं ते बसलंच. खाली रस्त्याला लागून दादाचं सलून, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढ्यात तिघं राहायची. आई-वडील गेले तेव्हा धाकटी शाळेत होती. तिची वेणी घालायलासुद्धा दादाच शिकला, आणि हात केसांत बसलेला असल्यामुळे वर्गातल्या इतर मुलींपेक्षा तिची वेणी जास्त चापूनचोपून असायची. पुढं वहिनी आली आणि दादाची त्या कामातून सुटका झाली. धाकटीचं लग्न मात्र जमलं नाही. दोन-चार ठिकाणी बोलणी झाली, मोडली, मग कुणी विषय काढेनासं झालं. खरं सांगायचं तर तिला त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही.

दुकानात तिची जागा मागच्या खोलीत. फ्रेमच्या मापानं काच घासायची, कड गुळगुळीत करायची, बसवायची, पुसून डबीत ठेवायची. पुढच्या काउंटरवर क्वचित जावं लागे. तसंच एकदा पुढं कुणी नव्हतं म्हणून ती गेली, तर एक करड्या केसांच्या बाई आपला चष्मा घेऊन भांडायच्या तयारीनं उभ्या होत्या. पडद्यावर दिवसभर बघते, डोकं दुखतं, तुमची काच चुकलीय, असं त्यांचं म्हणणं. धाकटीनं नाकावरची पट्टी जरा वाकवून चष्मा खाली बसवून दिला आणि सहज विचारलं, की दिवसभर पडद्यावर काय बघता. बाई म्हणाल्या, माणसं बघते, आणि ती कुठं कापायची ते ठरवते. धाकटी दचकली. मग कळलं, की बाई आयुष्यभर फिल्मचं संकलन करत आल्या होत्या आणि आता एका कॉलेजात शनिवार-रविवारी फिल्म शिकवायच्या. वयाची अट नाही, म्हणाल्या. ते वाक्य धाकटीनं घरी येईपर्यंत चारदा मनात म्हणून बघितलं.

दादाला तिनं भीत भीत सांगितलं. तो गिऱ्हाईक गेल्यावर खुर्ची झटकत होता. त्यानं झटकणं थांबवलं आणि एवढंच विचारलं, की हिरो कोण आहे. वहिनी वरून जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, जा गं बाई जा, आमच्या घरातून कुणीतरी भिंतीपलीकडं बघू दे.

वर्गातली बाकीची मंडळी विशीतली. त्यांच्या हाताला कॅमेरा जन्मापासून चिकटलेला असावा असं वाटायचं. धाकटीचं सगळंच उलटं. पहिल्या वेळी तिनं झाकण न काढताच शॉट घेतला आणि काळ्या पडद्याकडं बघून फार अंधार आहे म्हणाली. दुसऱ्या वेळी खिडकीचा शॉट घेतला त्यात काचेत तीच दिसत होती, तोंड उघडं टाकून. तिसऱ्यांदा बोलणाऱ्या माणसाला ती मागून ‘हं, हं, बरोबर’ म्हणत राहिली आणि माणसापेक्षा तिचं ‘हं’ मोठ्यानं ऐकू आलं. मुलं वाईट नव्हती, पण हसायची. तिच्या पाठीमागं तिला ‘हं-ताई’ म्हणतात हे तिला कळलं होतं. ती स्वतःही त्यांच्याबरोबर हसायची. घरी जाताना मात्र रस्ताभर तिचे कान तापलेले असायचे. या वयात कुणी सांगितले होते हे उद्योग, असं ती स्वतःलाच विचारायची आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी जाऊन बसायची.

एका गोष्टीत तिला गती होती. संकलनाच्या खोलीत बाई तुकडे जोडून दाखवायच्या. एका माणसाचा नुसता समोर बघणारा चेहरा. त्याच्यानंतर भरलेलं ताट लावलं, तर तो भुकेला वाटे. त्याच चेहऱ्यानंतर रिकामा पाळणा लावला, की पोटात तुटायचं. माणूस तोच, चेहरा तोच. बाकीच्यांना ती गंमत वाटली. धाकटी मात्र त्या दिवशी दुकानात काच घासताना सारखी त्याच विचारात होती. दोन काचा एकमेकींवर ठेवल्या की नंबर बदलतो, हे तिला ठाऊक होतं. माणसांचंही तसं होतं, हे ठाऊक नव्हतं.

वर्षअखेर प्रत्येक गटानं एका खऱ्या माणसावर दहा मिनिटांची फिल्म करायची होती. धाकटीच्या गटात दोघं आली: कॅमेऱ्याला एक उंच मुलगा, ज्याला सगळे उंच्याच म्हणत, आणि आवाजाला एक अबोल मुलगी, जिच्या गळ्यात हेडफोन कायम अडकवलेला असे. दिग्दर्शन आणि संकलन धाकटीकडं. माणूस कोण, यावर चर्चाही झाली नाही. धाकटी म्हणाली, माझा दादा.

दादानं हो म्हणायला वेळ लावला नाही, पण अटी घातल्या: गिऱ्हाइकाला त्रास नको, आणि माझ्या टकलावर उजेड नको. चित्रीकरणाच्या दिवशी त्यानं आरसे दोनदा पुसले. सलूनमध्ये समोरासमोर आरसे, म्हणजे कुठंही कॅमेरा ठेवला तरी उंच्या दिसणारच. उंच्या शेवटी खुर्चीमागं गुडघे दुमडून बसला आणि त्याची मान अवघडली. खुर्चीत पोस्टमनकाका होते. नोकरीतून निवृत्त झाल्यावरही सगळी गल्ली त्यांना पोस्टमनकाकाच म्हणायची. दादाकडून दाढी करून घ्यायची आणि तेवढा वेळ डोळे मिटून पडायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम होता.

दादानं फेस केला, गालांवर ब्रश फिरवला, वस्तरा उघडला. उंच्यानं एकही कट न करता अख्खी दाढी टिपली. कल्ल्यापासून हनुवटीपर्यंत, मग मान मागं करून गळा. दादाचा हात पाण्यावरून होडी जावी तसा गेला. शेवटी त्यानं गार पाणी लावलं आणि तुरटी फिरवली. तुरटी झोंबली तशी काकांनी डोळे गच्च मिटले, मानेच्या शिरा ताणल्या. उंच्यानं ते जवळून घेतलं.

दुपारी नळाचं पाणी गेलं. दादानं कोपऱ्यावरच्या नळावरून दोन मोठ्या बादल्या भरून आणल्या, कुणालाही हात लावू न देता. बादल्या ठेवून, धापा टाकत, तो बेसिनपाशी वस्तरा धुवायला उभा राहिला. ओझ्यानं हात भरून आला होता, बोटं थरथरत होती, आणि त्यांच्याबरोबर वस्तऱ्याचं पातंही. खुर्ची रिकामी होती. उंच्याचा कॅमेरा बादल्या आल्यापासून चालूच होता; पात्यावरचा उजेड आवडला, म्हणून त्यानं तोही शॉट घेतला.

पहिली जोडणी धाकटीनं मोठ्या मायेनं केली. दादानं केलेली काकांची दाढी पूर्ण ठेवली, मध्ये कुठं कापलंच नाही. वर्गात ती दाखवली तेव्हा ती पडद्याकडं न बघता वर्गाकडं बघत होती. एकानं जांभई दिली. दोघं मोबाइलमध्ये गेले. दिवे लागल्यावर कुणीतरी मागून म्हणालं, दाढी छान झाली, आणि सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, माणूस चांगला आहे, पण मी त्याच्याकडं का बघावं, ते मला अजून कळलं नाही.

त्या संध्याकाळी धाकटी संकलनाच्या खोलीत एकटीच बसली. चुकून की मुद्दाम, हे तिला पुढंही नीट सांगता आलं नाही, पण तिनं दाढीच्या मध्ये, वस्तरा गळ्यापाशी येतो तिथं, बेसिनचा शॉट टाकून बघितला. थरथरणारी बोटं, थरथरणारं पातं. त्यापुढं काकांचे गच्च मिटलेले डोळे, ताणलेल्या शिरा. एकदा बघितलं आणि तिच्याच अंगावर काटा आला. सलूनमध्ये मागं वाजणाऱ्या रेडिओचा आवाज तिनं काढून टाकला. खरवडण्याचा आवाज तेवढा ठेवला. मग त्याला धरून बाकीचं रचत गेली: दादा आरशात बघतो, म्हणजे आता तो काळजीनं बघत होता. दादा खिडकीतून समोरच्या नव्या चकचकीत सलूनकडं बघतो, म्हणजे आता त्याला भवितव्य दिसत होतं. खरं तर तो तेव्हा वहिनी बाजारातून आली का ते बघत होता. एकाही तुकड्यात खोटं नव्हतं, आणि जोडून झाल्यावर जे उभं राहिलं त्यात दादा औषधालाही नव्हता. होता तो एक म्हातारा होत चाललेला कारागीर, हात थकलेला, ते लपवणारा.

बाईंनी ते दोनदा बघितलं. मग म्हणाल्या, आता बघावंसं वाटतं. आणि मग वळून सरळ तिच्या डोळ्यांत बघत विचारलं, ‘हात खरंच थरथरतो का गं त्याचा?’

धाकटीनं मान हलवली. हो म्हणून.

एवढंच. तोंडानं ती काही बोललीही नाही. पण पुढं तिला जेव्हा जेव्हा लाज वाटली, तेव्हा पडदा आठवायच्या आधी स्वतःची ती हललेली मान आठवायची.

फिल्म दाखवायच्या दिवशी कॉलेजच्या सभागृहात घरच्यांना आणि ओळखीच्यांना बोलावलं होतं; सलूनची काही गिऱ्हाइकंही आली होती. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला, वहिनीनं ठेवणीतली पर्स काढली होती, पोस्टमनकाका तर आपण हिरो असल्यासारखे सगळ्यांना नमस्कार करत होते. तिघं दुसऱ्या रांगेत बसली. धाकटी त्यांच्यामागच्या रांगेत. तिला वाटत होतं, दादाला गंमत वाटेल. तो म्हणेल, काय गं, माझा हात कसा हलवलास. तिनं स्वतःला तसं इतक्यांदा सांगितलं होतं, की तिला ते जवळजवळ खरं वाटायला लागलं होतं.

वस्तरा गळ्यापाशी आला. पडदाभर थरथरती बोटं. सभागृहात सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला, तो तिला ऐकू आला. वर्षभर ज्यांनी तिला हसून घेतलं, त्यांनीच. आणि सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट ही, की त्या क्षणी तिला आनंद झाला. अगदी पोटातून झाला. मग तिची नजर पुढच्या रांगेत गेली. दादानं आपला उजवा हात मांडीवरून उचलून डोळ्यांसमोर धरला होता. पडद्याच्या उजेडात तो एकदा पडद्यावरच्या हाताकडं बघत होता, एकदा आपल्या. मग त्यानं हात खिशात घातला.

टाळ्या खूप झाल्या. लोक उठून तिच्याकडं आले. हं-ताई म्हणणाऱ्या मुलांनी तिच्याशी हात मिळवले, उंच्यानं तिला जवळजवळ उचललंच. कुणीतरी दादाकडं जाऊन हळव्या आवाजात म्हणालं, की काका, फार धैर्य लागतं हो असं दाखवायला. दादानं डाव्या हातानं नमस्कार केल्यासारखं केलं. घरी परत येताना तो तिला म्हणाला, चांगलं झालंय. मेहनत दिसते. उजवा हात खिशातच होता.

त्यानंतर घरात कुणी काही बोललं नाही, आणि तेच जास्त वाईट. धाकटी रोज ठरवायची, आज सांगू. जेवायला बसलं की भाजीत मीठ कमी आहे का, असलंच काहीतरी विचारायची. दादा पानाकडं बघून जेवायचा. पूर्वी तो जेवताना दिवसभरातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचा, त्या बंद झाल्या. एक दिवस ती लवकर उठून खाली आली तर तो सलूनमध्ये आरशासमोर हात लांब करून उभा होता, बोटं ताठ, श्वास रोखून. तिची चाहूल लागताच त्यानं तोच हात पुढं करून आरशावरचा न दिसणारा डाग पुसला. धाकटी पाणी प्यायला आल्याचं नाटक करून परत वर गेली.

मग वहिनीनं सांगितलं, की दादानं दाढी करणं सोडलंय. केस कापतो, यंत्र फिरवतो, पण दाढीला कुणी बसलं की म्हणतो, आज पातं नाही, आज पाणी नाही. वहिनीचा आवाज दबका होता. ती म्हणाली, बरं झालं गं तू फिल्म काढलीस. आम्हाला रोज बघून कळलं नाही. कुणाचा गळा चिरला असता तर? धाकटीला वाटलं, जमीन फाटावी. वहिनी तिचे आभार मानत होती.

तरीही ती बोलली नाही. आणखी काही दिवस गेले. फिल्म एका मोठ्या स्पर्धेला पाठवायची असं कॉलेजनं ठरवलं, उंच्या रोज फोन करून आपल्याला बक्षीस मिळालं तर काय काय होईल ते सांगत होता. ती हूं हूं करायची. आपण किती दिवस ओढू शकतो हे बघत असल्यासारखी ती ओढत होती.

शेवटी पोस्टमनकाका दुकानात आले. चष्म्याचं निमित्त होतं, पण चष्म्याला काही झालं नव्हतं. गालावर पांढरे खुंट वाढलेले. मागच्या खोलीच्या दाराशी उभं राहून ते म्हणाले, तुझा दादा मला समोरच्या दुकानात जा म्हणतो. माझी मान धरायला तिथल्या पोराला येत नाही. मी त्याला म्हटलं, अरे, माझा गळा मला ठाऊक आहे, तुझा हात कधी हलला नाही. तर तो म्हणतो, काका, तुमचे डोळे मिटलेले असतात, तुम्हाला काय दिसणार. कॅमेऱ्याला दिसलं.

धाकटीनं हातातली काच खाली ठेवली. मालकाला सांगून ती तशीच घरी निघाली.

सलून रिकामं होतं. दादा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होता. ती दुसऱ्या खुर्चीत बसली. समोर आरसा होता, त्यामुळे एकमेकांकडं न बघताही दोघं एकमेकांना दिसत होती. कसं सुरू करायचं ते तिनं वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरलं.

ती म्हणाली, ‘दादा, तो हात तुझाच होता. पण तेव्हा खुर्चीत कुणी नव्हतं.’

दादाला कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. नळ गेला होता, तू बादल्या आणल्यास, बेसिनपाशी वस्तरा धूत होतास, ते मी मध्ये लावलं. काकांनी डोळे मिटले ते तुरटीनं. दाढी करताना तुझा हात एकदाही हलला नाही. दादा तिच्याकडं आरशातून बघत राहिला. रागावला असता तर बरं, असं तिला वाटलं. तो रागावला नव्हता, तो तिची समजूत काढायला बघत होता. म्हणाला, मला बरं वाटावं म्हणून सांगतेस का गं? मी बघितलं ना माझ्या डोळ्यांनी.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तिनं काय केलंय. इतकी वर्षं रोज हातात वस्तरा धरणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातापेक्षा तिच्या फिल्मवर जास्त विश्वास ठेवला होता. कारण ती त्याच्या धाकटीनं केली होती.

रविवारी ती त्याला कॉलेजात घेऊन गेली. संकलनाच्या खोलीत त्याला खुर्ची दिली आणि उंच्यानं न थांबता टिपलेली ती अख्खी दाढी लावली. रेडिओ वाजत होता, मध्येच काकांनी काहीतरी विनोद केला होता, दादा वस्तरा बाजूला धरून हसला होता आणि मग पुन्हा कामाला लागला होता. दादा गुडघ्यांवर हात ठेवून, पुढं वाकून बघत होता. मग तिनं बादल्यांचा तुकडा लावला. बादल्या खाली ठेवल्या, कंबर धरली, बेसिनकडं वळला. मागं रिकामी खुर्ची स्पष्ट दिसत होती. तो कोपरा तिनं फिल्ममध्ये कापला होता.

‘ते आधीचं, अख्ख्या दाढीचं, का नाही लावलंस?’ दादानं विचारलं.

‘लावलं होतं. लोकांना कंटाळा आला.’

दादानं मान डोलावली. त्यात नवल वाटण्यासारखं त्याला काही दिसलं नसावं. मग जरा वेळानं तो म्हणाला, ‘मला सांगायचं होतंस. मी मुद्दाम थरथरवून दाखवला असता की.’

तो हे चेष्टेनं म्हणाला नव्हता. तिनं सांगितलं असतं तर त्यानं खरंच ते केलं असतं, चार वेळा करून दाखवलं असतं, आणि घरी येऊन जेवताना त्याची नक्कल केली असती. धाकटीला रडू आलं. दादानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी वेणी झाल्यावर ठेवायचा तसा, आणि म्हणाला, बस, आता पुढं काय ते बघ. पण तो तिच्याबरोबर घरी आला नाही. मी चालत येतो, म्हणाला, आणि बऱ्याच उशिरानं आला.

बाईंना सांगणं त्याहून सोपं जाईल असं तिला वाटलं होतं, ते तसं गेलं नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, चूक माझीही आहे, मला तो शॉट इतका आवडला होता, की तुझी मान हलावी असंच मला वाटत होतं. पण तू दिग्दर्शक आहेस. तेव्हा वर्गाला तू सांगायचं आणि स्पर्धेतून फिल्म तू काढायची. धाकटीनं वर्गापुढं उभं राहून सांगितलं. मध्ये दोनदा थांबावं लागलं. काही मुलं खाली बघत होती. एक जण म्हणाला, पण ताई, सगळेच असं करतात. त्याला तिची बाजूच घ्यायची होती, पण तिला ते लागलं.

वर्ग सुटल्यावर उंच्या जिन्यात तिच्यासमोर उभा राहिला. माझी मान आठवडाभर दुखत होती, म्हणाला, माझं सगळ्यात चांगलं काम त्या फिल्ममध्ये आहे. तुम्ही मला पण विचारलं नव्हतं आणि आता काढतानाही विचारलं नाही. त्याचं म्हणणं खरं होतं. त्यानं तो शॉट पात्यावरच्या उजेडासाठी घेतला होता, त्याला कुठं माहीत होतं, की तो कुठं बसणार आहे. पुढं त्यानं तिच्याबरोबर काम केलं नाही. भेटला की मान हलवायचा, एवढंच.

फिल्म तिनं पुन्हा जोडली. या वेळी दादाला शेजारी बसवलं. त्याला काय काय ठेवायचं होतं ते ऐकून ती चक्रावली. रेडिओ ठेव म्हणाला, काकांचा विनोद ठेव म्हणाला, आणि बादल्याही ठेव म्हणाला, पण बादल्या आधी आणि थरथर नंतर, जसं झालं तसं. वर्गात ती दाखवली तेव्हा लोक शांतपणे बघत होते, विनोदाला हसले, शेवटी टाळ्या वाजवल्या, बेताच्या. श्वास कुणी आत घेतला नाही. बाईंनी पास केलं. धाकटीला आतल्या आत हेही ठाऊक होतं, की पहिली फिल्म जास्त चांगली होती. ते ठाऊक असण्याचीही तिला लाज वाटायची, आणि ती तिनं कुणालाच सांगितली नाही.

धाकटीनं वहिनीलाही सगळं सांगितलं होतं, तरी वहिनीनं हट्टानं दादाला डॉक्टरकडं नेलं; धाकटीही बरोबर गेली. डॉक्टरांनी हात पुढं करायला लावले, बोटांवर कागद ठेवून बघितला, बोट नाकाला लावायला सांगितलं, आणि म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहे. वहिनी येताना सबंध रस्ता धाकटीशी बोलली नाही. नंतर बोलायला लागली, पण मोजून. ते पूर्ववत व्हायला बरेच महिने लागले, आणि धाकटीला तेच योग्य वाटलं.

दादा पुन्हा दाढी करायला लागला. पहिल्यांदा बसले पोस्टमनकाका, गालांवरच्या खुंटांची एव्हाना दाढी झालेली. डोळे मिटले आणि निवांत पडले. बाकीची काही गिऱ्हाइकं परत आली, काही समोरच्या दुकानातच राहिली. त्यांनी कॉलेजातली पहिली फिल्म बघितली होती, दुसरी कोण दाखवणार त्यांना.

धाकटी अजून चष्म्याच्या दुकानातच आहे. सुट्टीच्या दिवशी बाईंच्या हाताखाली संकलनाचं काम करते आणि त्यात तिचं नाव होत चाललंय. कुणाचा चेहरा कापायचा असला की ती आधी तो अख्खा, न थांबवता बघते, आणि शक्य असेल तर ज्याचा आहे त्याला बोलावते. सोबतचे लोक वैतागतात, वेळ जातो म्हणतात. ती ऐकून घेते.

सकाळी कामाला निघताना तिला सलूनमधूनच जावं लागतं. दादा कुणाच्या तरी गालांवर फेस करत असतो. मग वस्तरा उघडतो, आणि गळ्याला लावायच्या आधी क्षणभर, गिऱ्हाइकाला कळणारही नाही इतकंच, आपल्या हाताकडं बघतो. पूर्वी तो असं कधी बघत नसे. हात स्थिर असतो. खात्री झाली की तो कामाला लागतो. धाकटी दारात पायात चपला सरकवते, येते रे दादा म्हणते, आणि त्यानं हो म्हणायची वाट न बघता रस्त्याला लागते.